फोन घरातला, ओटीपी कोणाचा?

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत ‘संचार साथी’वरून जे रण माजले, त्याची झळ खान्देशात फारशी पोचली नाही. प्रत्येक नव्या फोनमध्ये हे सरकारी ॲप आधीच घालून द्या, असा 28 नोव्हेंबर 2025 चा आदेश होता. पाळतीच्या शंकेने विरोधक तुटून पडले आणि 3 डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. त्याच दिवसांत जळगाव-धुळ्यापासून चोपडा-शिरपूरपर्यंतच्या सेतू केंद्रांवर ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या महिलांची ई-केवायसी चालली होती. टेबलावर फोन, त्याचे लॉक उघडे, आणि ऑपरेटरचा एकच धोशा: ‘ताई, ओटीपी उना का?’

सरकार फोनमध्ये डोकावेल ही भीती अगदीच फोल नाही. पण इथल्या माणसाची खासगी माहिती चोरीला जाण्याच्या कितीतरी आधी, काम अडू नये म्हणून त्याच्याच हातून दिली गेलेली असते.

मोबाइल सुरक्षेचे बहुतेक सल्ले ‘एक माणूस, एक फोन’ असे गृहीत धरतात. ई-केवायसीने हे गृहीतक किती पोकळ आहे ते दाखवले. या प्रक्रियेत आधी महिलेच्या आधारचा ओटीपी लागे, मग पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचा. तो येई त्यांच्या आधारला जोडलेल्या नंबरवर. नवरा कामाला सुरतेत, फोन त्याच्या खिशात, बायको शिंदखेड्याच्या केंद्रावर. मग फोन लावायचा, त्याने आकडे वाचून दाखवायचे, तिने ते ऑपरेटरला सांगायचे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बँका वर्षानुवर्षे बजावत आल्या. सरकारी योजनेच्या रांगेत मात्र तो मोठ्याने सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. उद्या असाच फोन एखाद्या भामट्याने केला, तर त्या नवऱ्याने फरक कसा ओळखावा? ई-केवायसीची मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरपर्यंत वाढली, या प्रश्नाकडे मात्र कोणी पाहिले नाही.

आधारची सुरुवातही खान्देशातलीच. 29 सप्टेंबर 2010 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते टेंभलीत. हे गाव शहादा तालुक्यातले. 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. तेव्हा तो बारा आकडी क्रमांक म्हणजे गरिबाची ओळख होती. आज बँक, सिमकार्ड, रेशन, पीकविमा अशी सगळी कुलपे त्याच क्रमांकाशी आणि त्याला जोडलेल्या मोबाइलशी बांधलेली आहेत.

आणि या क्रमांकाची कागदपत्रे फिरतात कशी? आधारची पीडीएफ व्हॉट्सॲपवर केंद्रचालकाला पाठवायची, त्याने ती डाउनलोड करून प्रिंट काढायची, झाले. फाइल त्याच्या संगणकावर राहते, पुसायला कोणाला वेळ आहे! ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची इंग्रजी पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष एवढाच. जिथे अख्खी गल्ली एकमेकांची नावे आणि वये ओळखून असते, तिथे या पासवर्डची मातब्बरी किती? त्यापेक्षा ‘मास्क्ड आधार’ बरे. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते फुकट मिळते. गंमत अशी, की मे 2022 मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना नेमका हाच सल्ला दिला आणि गैरसमज नको म्हणून दोन दिवसांत तो मागेही घेतला गेला. सल्ला चांगला होता.

ॲप इन्स्टॉल करणाऱ्या एपीके फाइलींचा उपद्रव वाचकांना नव्याने सांगायला नको. पीएम किसानचा हप्ता, आरटीओचे चलन, लग्नपत्रिका असे सोंग घेऊन त्या येतात. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अशी पत्रिका सुमारे 1 लाख 90 हजारांना पडली. यातली मेख एवढीच, की ही फाइल इन्स्टॉल होताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो, आणि पुढची पत्रिका तुमच्याच नावाने नातेवाइकांना जाऊ शकते. कापूस भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) घालायचा तर ‘कपास किसान’ ॲप, पिकाची नोंद करायची तर ई-पीक पाहणी, असे ॲपविना पान न हलणाऱ्या शेतकऱ्याला ‘अनोळखी ॲप घेऊ नका’ एवढे सांगणे अपुरे आहे. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि एसएमएसची परवानगी मागितली तर थांबा, हे सांगणे जास्त कामाचे.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे सिम पिन. फोनला पॅटर्न आहे, बोटाचा ठसा आहे, म्हणून माणूस निर्धास्त असतो. आठवडे बाजारात फोन मारणारा ते लॉक उघडायच्या फंदात पडतोच कशाला? तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येऊ लागतात. सिमला स्वतःचा पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये आधी तो मागितला जातो, आणि तीनदा चुकला की सिम अडकते, मग पीयूके कोड लागतो. सेटिंगमध्ये ही सोय सापडते. कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यावा, अंदाजाने आकडे टाकू नयेत. जोडीला लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणे बंद करावे, नाहीतर बंद फोनवरही ओटीपी वाचता येतो. आणि ज्या ‘संचार साथी’वरून एवढा गदारोळ झाला, तिथे हरवलेला फोन आयएमईआय क्रमांकावरून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसते. सक्ती चुकीची होती, सोय चुकीची नाही.

फोन दुरुस्तीला देतानाही हीच बेफिकिरी. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फोन टाकताना पॅटर्न पावतीवर काढून देणारे कमी नाहीत. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ असतो. तो चालू केला की दुरुस्ती करता येते, पण फोटो, मेसेज, खाती दिसत नाहीत.

फसवणुकीचा धंदा मात्र दोन्ही दिशांनी चालतो: इथली माणसे फसतात, तसे इथून दुसऱ्यांनाही फसवले जाते. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस जळगावजवळ ममुराबाद रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर पोलिसांनी छापा घातला. तिथल्या कॉल सेंटरमधून परदेशी नागरिकांना गंडवले जात होते, असा आरोप आहे.

कायदा? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण मुख्य तरतुदी लागू होणार 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये. शिवाय सरकारी लाभ आणि अनुदान देण्यासाठी माहिती वापरताना सरकारला काही अटींवर संमतीतून सूट आहे. म्हणजे नागरिकाची माहिती सर्वांत जास्त जिथे गोळा होते, तिथेच कायद्याचा हात सैल.

तोवर जिल्हाधिकारी कार्यालयांना एक गोष्ट करता येईल. सेतू केंद्रांना परवानगी तीच देतात. तिथल्या भिंतीवर दरपत्रकाशेजारी आणखी एक फलक लावायला सांगावे: काम झाल्यावर तुमची फाइल तुमच्यासमोर पुसली जाईल, आणि ओटीपी तुम्ही स्वतः टाकायचा आहे. त्यासाठी कीबोर्ड ग्राहकाकडे सरकवता येईल एवढी वायर लागेल.