जार्विसफील्डच्या जमिनीवर कोण राबलं?

स्कॉटलंडच्या मल बेटावरचं सॅलेन गाव आणि त्याच्या मागे ग्रुलिनकडे पसरलेली जार्विसफील्ड ही जुनी इस्टेट. लॅकलन मॅक्वारीने ही जमीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मामाकडून विकत घेतली. पुढे तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला, 1824 मध्ये लंडनला वारला आणि ग्रुलिनला पुरला गेला. एवढं कोणीही सांगेल. गावाचा इतिहास शोधणाऱ्याने रेंगाळावं ते सासीन नोंदवहीपाशी. 1617 पासूनची ही सरकारी वही जमिनीचे व्यवहार आणि गहाणखतं टिपत आली. 1845 पर्यंत ताबा देताना त्या जागेवरची माती आणि दगड हातात ठेवावे लागत. इतकी चोख वही, पण आपल्या सातबाऱ्यात कुळाच्या नावाला जागा असते, तशी हिच्यात नाही. सालोसाल खंड भरणारा माणूस तिच्या लेखी नाहीच. आणि पैसा कुठून आला, तेही ती विचारत नाही.

म्हणून मला वाटतं, या गावाचा इतिहास गावात बसून पुरा होणारच नाही. मॅक्वारी लहान खंडकऱ्याचा मुलगा. त्याची लष्करातली बरीच नोकरी आणि बढत्या हिंदुस्थानातल्या. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातही तो होता. 1793 मध्ये मुंबईत त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. तिचा वारसा अँटिग्वाचा, म्हणजे गुलामांच्या मळ्यांच्या बेटावरचा. ती 1796 मध्ये मकावला वारली, मुंबईत पुरली गेली. इस्टेटीला नाव तिचंच. कोचीनला गुलाम म्हणून विकत घेतलेला जॉर्ज हा मुलगाही त्याच्यासोबत मलला पोचला. हे कळतं ते सिडनीत जपलेल्या मॅक्वारीच्या रोजनिशांतून.

यात पुन्हा मालकाचीच कथा मोठी होते, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर कुळांच्या तोंडूनच मिळायला हवं, आणि अडचण तिथेच आहे. हायलँड्सच्या कुळांचं म्हणणं सरकारने गावोगाव जाऊन नोंदवलं ते 1883 मध्ये, नेपियर आयोगापुढे. स्काय बेटावर पहिल्याच साक्षीदाराने, बोललो म्हणून घरातून काढणार नाही अशी हमी आधी मागितली. भीतीत दिलेली, तीही बरीचशी गेलिकमधून इंग्रजीत उतरलेली साक्ष एकटी पुरत नाही. पण मालकाची खंडाची वही तरी कुठे निःपक्ष असते? दोन्ही ताडून पाहायच्या, तर एकाच गावात एकाच नावाची अनेक माणसं. 1855 पूर्वीचे जन्म-मृत्यू चर्चच्या अर्धवट वह्यांत शोधावे लागतात, आणि जहाजाने निघून गेलेल्यांचा माग पुष्कळदा तिथेच तुटतो.