फेरफाराची नोटीस कोणाला?

सातबाऱ्याची आठवण आपल्याला दोनदाच होते : कर्ज काढताना आणि भाऊबंदकी पेटल्यावर. एरवी नक्कल ट्रंकेत असते. पण दप्तरातला सातबारा थांबत नाही. जमीन तीच राहते, नावे मात्र बदलत जातात.

हा बदल म्हणजे फेरफार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० प्रमाणे तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, तो नोंदवहीत घेतात, त्याची प्रत चावडीत लावतात आणि हितसंबंधितांना लेखी नोटीस देतात. मुदत पंधरा दिवसांची. कोणी हरकत घेतली तर तिची पोच मिळते व प्रकरण तक्रारींच्या नोंदवहीत जाते. नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

आता मेख पाहा. हितसंबंधित कोण, हे दप्तर आपल्या घरी येऊन विचारत नाही. दप्तरात ज्याचे नाव, त्याला नोटीस; इतरांना, ते हितसंबंधित आहेत असे तलाठ्याला सकारण वाटले तरच!

समजा, शिरोळकडचा एक बाप वारला. थोरला शेत कसतो, धाकटा इचलकरंजीला मागावर, बहीण गडहिंग्लजला दिलेली. वारसनोंद झालीच नाही. पुढे त्या गटात काही फेरफार निघाला, तर नोटीस निघणार बापाच्या नावे! नोंद करताना बहिणीला वगळले, तर पुढची नोटीस तिला चुकवून जाऊ शकते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या वारसांत मुलगीही आहे. तिला वगळणे ही चूक नव्हे, लबाडीच म्हणायची.

खरेदीखताची खबर नोंदणी कार्यालयातून तलाठ्याकडे जाते. मरणाची खबर मात्र आपणच द्यायची, तीन महिन्यांत. मयतांची नावे साचली म्हणून तर सरकारला २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली.

उलटही घडते. सेवा सोसायटीचे कर्ज फिटले, पण ‘इतर हक्कां’तला बोजा तसाच! सोसायटीचा दाखला देऊन तो कमी करून घ्यावा, नाही तर जमीन विकताना नेमका आडवा येतो.

गुरुजी, वरच्या वर्गातल्या मुलांना घरचा उतारा आणायला सांगा. नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. त्यातले हयात कोण, मुलांना चटकन सांगता येईल.