फॅन डबिंगची ऑडिशन द्यायचीय? आवाज द्या, पैसे देऊ नका!

'आवाज चांगला आहे का? आमच्या कार्टूनसाठी ऑडिशन द्या.' असा मेसेज टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर आला की काहींना ती फसवणूक वाटते, तर काहींना वाटतं नशीब उघडलं. ऑडिशन खरी असली तर यातलं काहीच नसतं.

फॅन डबिंग म्हणजे हौशी लोकांचं काम. जपानी कार्टून, गेम किंवा परदेशी मालिका आवडणारे लोक एकत्र येतात आणि ती आपल्या भाषेत बोलती करतात. कुणी संवाद लिहितो, कुणी आवाज देतो, कुणी तो चित्राला जुळवतो. यात मानधन नसतं. मूळ मालिकेचा हक्क दुसऱ्याचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कदार असा व्हिडिओ काढायला लावू शकतो. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेलच बंद होऊ शकतं. म्हणून तयार झालेला भाग आपल्या चॅनेलवर टाकायची घाई करू नये.

मग उपयोग काय? सराव होतो. श्रेयस तळपदेनं 'पुष्पा'च्या हिंदी डबिंगमध्ये अल्लू अर्जुनला आवाज दिला, शरद केळकरनं 'बाहुबली'त प्रभासला. पडद्यावर चेहरा दुसऱ्याचाच होता, तरी लोकांच्या लक्षात आवाज राहिला.

ऑडिशनमध्ये पात्राची थोडी माहिती आणि तीन-चार संवाद येतात. एक रागाचा, एक रडका, एक साधा. बरेचदा बिनशब्दांचे आवाजही मागतात. धावून लागलेली धाप, मार बसल्यावर निघणारा आवाज, दाबलेलं हसू. इथंच पोरं लाजतात. खुरपताना विळा लागल्यावर तोंडातून जे निघतं, तेच हवं असतं. त्याला नाटकी करायची गरज नाही.

मूळ आवाजाची नक्कल करू नये. पात्र कुणाशी बोलतंय आणि त्याला काय हवंय, हे ओळखून बोलावं. एकच संवाद दोन वेगळ्या भावात पाठवला तर निवडणाऱ्याला अंदाज येतो. ओरडायचे संवाद शेवटी घ्यावेत, आधी घेतले तर घसा बसतो आणि पुढचं सगळं घोगरं येतं.

ओठ जुळवणं हे वेगळं कसब. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. खऱ्या माणसाचा चेहरा जवळून दिसत असला की चूक लगेच कळते. कार्टूनमध्ये तोंड बहुतेक नुसतं उघडतं-मिटतं, म्हणून नवख्याला तिथं सोपं जातं. संवाद लांब झाला तर भरभर बोलण्यापेक्षा शब्द कमी करायला सांगावं.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गोधड्या-गाद्या रचलेली खोली बरी. पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर. शेजारची मोटार चालू असेल तर रात्री उशिरा बसावं, कोंबडं आरवायच्या आत उरकावं. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका धरावा, म्हणजे 'फ' म्हणताना फुंकर बसत नाही. व्हॉट्सॲपचं व्हॉइस नोट वापरू नये, त्यात आवाज दाबला जातो. फोनमधल्या रेकॉर्डरवर घेऊन फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फाइलला आपलं आणि पात्राचं नाव द्यावं.

बोलीची लाज नको. पात्र शहरी असेल तर प्रमाण भाषा मागतील, ती यायला हवी. पण गावरान म्हातारी, ट्रकवाला, भांडकुदळ सासू यांना अस्सल वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोल्हापुरी ठसका लागतो, तो शिकवून येत नाही.

आता सावध राहायचं ते इथं. खऱ्या ऑडिशनला नोंदणी फी, किट, सर्टिफिकेट असलं काही नसतं. आधार, बँक खातं, ओटीपी तर कशालाच लागत नाही. 'आई, मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव' असली वाक्यं कोणी बोलायला लावली, तर ग्रुपचं जुनं काम आणि ती स्क्रिप्ट पाहिल्याशिवाय बोलू नये. हल्ली थोड्याशा रेकॉर्डिंगवरून हुबेहूब आवाज तयार होतो. अठरा वर्षांखालच्या पोरांनी घरच्यांना सांगूनच फाइल पाठवावी. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

निवड झाली नाही, तर उत्तर येईलच असं नाही. तेव्हा गर्दीचे आवाज मागून घ्यावेत. बाजारातला गलका, लग्नातली कुजबुज, 'चोर चोर' म्हणत धावणारी माणसं. हे काम करायला फारसं कुणी पुढं येत नाही, त्यामुळे ते सहसा मिळतं.