पुढच्याला गाठा, मागच्यापासून वाचा
केंब्रिजमधील कॉलेजांच्या नौकाशर्यतींचा हंगाम

शर्यत म्हटली की शेवटची रेषा आधी कोण ओलांडतो, एवढेच आपण पाहतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे कॅम नदीवर वर्षातून दोनदा होणाऱ्या कॉलेजांच्या नौकाशर्यतीत मात्र या रेषेला दुय्यम स्थान आहे. तेथे एकामागे एक अशा सुमारे सतरा नौका ओळीने उभ्या राहतात. दोन नौकांमध्ये साधारण दीड नौकेइतके अंतर असते. तोफ उडते, सगळ्या एकदमच सुटतात आणि प्रत्येकीपुढे दुहेरी काम असते. मागची नौका आपल्याला गाठण्यापूर्वी आपण पुढचीला धडक द्यायची. धडक बसली की त्या दोन्ही नौकांची त्या दिवसाची शर्यत संपते. दोघी काठाला लागून मागून येणाऱ्यांना वाट करून देतात आणि दुसऱ्या दिवशी आपापसांत जागा बदलून सुटतात. या प्रकाराला तेथे ‘बम्प्स’ म्हणतात.

ही विचित्र पद्धत हौसेतून आलेली नाही. कॅम ही नदी म्हणण्यापेक्षा मोठा ओढा म्हणावी अशी अरुंद आणि वळणावळणाची आहे. आठ वल्ह्यांच्या दोन नौका तिच्यात जेमतेम शेजारी मावतात. चार-पाच नौकांनी ओळीत सुटणे तर अशक्यच. त्यामुळे शेजारी-शेजारी नाही तर मागे-पुढे, असा तोडगा निघाला. १८२७ पासून या शर्यती होत आहेत. १८८७ पासून त्यांचे दोन वेगळे संच झाले. पहिला हिवाळ्याच्या अखेरीस होणारा ‘लेंट बम्प्स’ आणि दुसरा ‘मे बम्प्स’. यातील मे बम्प्स जूनमध्ये होतात, याचे तेथे कोणालाच आश्चर्य वाटत नाही.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात लंडनच्या टेम्स नदीवर होणारी ‘बोट रेस’ जगभर दूरचित्रवाणीवर दिसते. ती विद्यापीठांच्या निवडक संघांची लढत असते आणि त्यांत राष्ट्रीय, क्वचित ऑलिम्पिक दर्जाचे खेळाडू असतात. कॉलेजांच्या क्लबांचे जग त्याहून अगदी निराळे आहे. केंब्रिजमध्ये एकतीस कॉलेजे आहेत आणि रोइंग हा बहुतेकांचा सर्वांत मोठा खेळ. क्लबचा कप्तान विद्यार्थी, खजिनदार विद्यार्थी, पुष्कळदा प्रशिक्षकही एखाद-दोन वर्षांनी मोठा असलेला विद्यार्थीच. मे बम्प्सच्या आठवड्यात शंभराहून अधिक नौका पाण्यात उतरतात. प्रत्येकीत नऊ जण धरले, तर हजाराच्या वर विद्यार्थी झाले. यांतील अनेकांनी कॉलेजात येईपर्यंत वल्हे हातात धरलेले नसते.

हंगाम सुरू होतो ऑक्टोबरात. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात बोटहाऊसवर ओढून नेले जाते. उंच मुलगा किंवा मुलगी दिसली की कप्तान तिची पाठ सोडत नाही. आणि कोणी लहान चणीचा, हलका आणि खणखणीत आवाजाचा दिसला तर त्याला त्याहून जास्त मागणी. नौकेत वल्हे न मारता बसणारा नववा माणूस म्हणजे ‘कॉक्स’. सुकाणू त्याच्या हाती असते. वल्हेकरी सगळे नौकेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात. म्हणजे आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना दिसतच नाही. पुढचे पाहणारा एकटा कॉक्स. वळण कोठे घ्यायचे, जोर कधी लावायचा, पुढची नौका किती उरली, हे सारे आठ जणांना त्याच्या तोंडूनच कळते.

आठ आसनांनाही आपापले अर्थ आहेत. मागच्या टोकाजवळ, कॉक्ससमोर बसणारा आठवा वल्हेकरी म्हणजे ‘स्ट्रोक’. तो लय ठरवतो आणि बाकीचे सात त्याच्या मागे जातात. मधल्या चार जागांवर अंगापिंडाने दणकट माणसे बसवतात. या जागांना तेथे नौकेचे ‘इंजिन’च म्हणतात. अगदी पुढच्या टोकाशी असलेल्या दोघांना तोल राखावा लागतो. नौका सतरा-अठरा मीटर लांब, पण रुंदीला माणूस जेमतेम बसेल इतकी. एकाने हात जरा वर-खाली केला, तरी ती एका कुशीवर कलते आणि त्या बाजूच्या चौघांची वल्ही पाण्यातून नीट बाहेर निघेनाशी होतात.

पहिल्या काही आठवड्यांत शिकायची गोष्ट म्हणजे ताकद लावणे नव्हे, वाट पाहणे. याचे कारण साध्या पदार्थविज्ञानात आहे. आसनांना चाके असतात व ती रुळांवर पुढे-मागे सरकतात. वल्हेकरी पायांनी जोर देतो, पाठ आणि हात त्यानंतर कामाला येतात. फटका संपला की तो पुन्हा गुडघे दुमडत पुढच्या फटक्यासाठी सरकतो. आता रिकामी नौका सुमारे शंभर किलोची आणि आत बसलेली माणसे सहाशे किलोंच्या वर. हे सहाशे किलो घाईने मागच्या टोकाकडे धावले आणि तेथे धाडकन थांबले, तर नौकेला तेवढाच उलटा धक्का बसतो आणि नुकताच कमावलेला वेग जातो. म्हणून चांगली नौका लांबून पाहताना संथ भासते. नवशिक्यांची नौका मात्र धडपडताना दिसते आणि चालत नाही. वल्हे पाण्यात अडकून दांडा छातीवर आदळतो, त्याला ‘खेकडा पकडणे’ म्हणतात. हा खेकडा जोराचा असला तर माणूस नौकेबाहेरही फेकला जातो.

पाण्यात नसतील तेव्हा हे विद्यार्थी ‘अर्ग’वर असतात. साखळी ओढायची, पंख्याचे चाक फिरवायचे आणि पाचशे मीटरला किती वेळ लागतो आहे, हे समोरच्या पडद्यावर पाहायचे, असे हे यंत्र आहे. दोन हजार मीटरची चाचणी म्हणजे सात-आठ मिनिटांची निखळ शिक्षा. नौकेत आपला आळस इतरांच्या कष्टांत लपवता येतो; येथे आकडा लपत नाही. निवडीचे वाद सुरू होतात ते या आकड्यांवरून. अर्गवर जोरकस असलेला माणूस नौकेत जड ठरतो आणि आकड्यांत मागे असलेल्याच्या येण्याने नौका पळू लागते, हा अनुभव प्रत्येक कप्तानाला येतो. मग पहिल्या नौकेत कोण आणि दुसऱ्या नौकेत कोण, यावर मैत्रीही तुटतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला जीझस कॉलेजच्या क्लबतर्फे फेअरबेर्न चषकाची शर्यत होते. येथे पाठलाग नाही; एकेक नौका ठरावीक अंतराने सुटते आणि घड्याळ निकाल देते. पहिल्या सत्रातील नवशिक्यांसाठी ही परीक्षाच. त्यानंतर सुट्टी लागते आणि जानेवारीत परतलेल्यांची संख्या ऑक्टोबरच्या मानाने बरीच रोडावलेली असते. ते ओघानेच आले. जानेवारी-फेब्रुवारीत कॅमवर पहाटे दिवस उजाडताच सराव सुरू होतो, कारण नऊच्या सुमारास व्याख्याने असतात. हात बधिर होतात, तळव्यांवरचे फोड फुटून पुन्हा नवे येतात. पावसाने नदी फुगली की लाल निशाण लागते आणि कोणालाही उतरू दिले जात नाही.

या सगळ्याचा पहिला हिशेब लेंट बम्प्समध्ये होतो. सुटण्यापूर्वी चार मिनिटे एक तोफ, एक मिनिट राहिले की दुसरी. कॉक्सच्या हाती काठाला बांधलेल्या साखळीचे टोक असते; ते तिसऱ्या तोफेपर्यंत सोडायचे नाही. काठावरून एक जण लांब काठीने नौका प्रवाहात ढकलतो, दुसरा मोठ्याने सेकंद मोजतो. तोफ उडाली की नदीकाठच्या वाटेने सायकलींचा लोंढा धावू लागतो. त्यांत प्रशिक्षक असतात व त्यांच्या तोंडात शिट्ट्या. पुढच्या नौकेचे अंतर कमी होत जाईल तशा शिट्ट्या वाढतात आणि नौकेचे टोक पुढचीच्या शेपटाला भिडू लागले की शिट्टी अखंड वाजत राहते. पाठ फिरवून बसलेल्या आठ जणांना त्या आवाजावरूनच कळते की आता सुटका जवळ आहे. मागच्या नौकेच्या शिट्ट्याही त्यांनाच ऐकू येतात, हे सांगायला नको.

येथे डावपेचाचा प्रश्न येतो. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दहा टक्के अधिक वेगासाठी सुमारे तेहतीस टक्के अधिक शक्ती लागते. लांबच्या शर्यतीत म्हणूनच दम राखून चालणे शहाणपणाचे. बम्प्समध्ये पहिल्या दोन मिनिटांतच पुढची नौका गाठली, तर उरलेला रस्ता वल्हवावाच लागत नाही. मग सगळी ताकद सुरुवातीलाच उधळावी काय? उधळली आणि धडक हुकली, तर पुढची सहा मिनिटे मागच्या नौकेच्या दयेवर. आणखी एक घोळ आहे. आपल्या पुढच्या नौकेने तिच्या पुढचीला आधीच धडक दिली, तर दोघी बाजूला होतात आणि आपल्यापुढे मोकळे पाणी उरते. तेव्हा तीन जागा पुढे असलेल्या नौकेला गाठले तर एकदम तीन जागा मिळतात. असे क्वचितच घडते. घडले की कॉलेजात वर्षानुवर्षे सांगितले जाते.

धडक हा शब्द शब्दशः घ्यायचा, आणि म्हणूनच हा खेळ पूर्वी धोक्याचा होता. १८८८ च्या लेंट शर्यतीत क्लेअर कॉलेजच्या एका वल्हेकऱ्याला मागून आलेल्या नौकेचे टोकदार नाक लागले आणि तो जागीच गेला. त्यानंतर नौकांच्या टोकाला रबरी चेंडू लावणे सक्तीचे झाले. आज जगातील कोणत्याही शर्यतीच्या नौकेच्या नाकावर हा पांढरा चेंडू दिसतो. पुढच्या नौकेचा कॉक्स आता हात वर करून धडक मान्य करू शकतो आणि शहाणे कॉक्स वेळीच हात वर करतात.

या शर्यतीचे खरे मर्म मात्र एका नियमात आहे. यंदाच्या शेवटच्या दिवशी नौका ज्या जागी संपली, त्याच जागेवरून पुढच्या वर्षी तिची सुरुवात होते. म्हणजे आज नौकेत बसलेल्या विद्यार्थ्याला मिळालेली जागा त्याने मिळवलेली नसते. ती आधीच्या पिढ्यांनी कमावलेली किंवा घालवलेली असते. तळाच्या विभागातील कॉलेजाने कितीही उत्तम संघ जमवला, तरी एका वर्षात अग्रस्थान मिळत नाही. दिवसाला एक अशा चार दिवसांत सहसा फार तर चार जागा. वर चढायला दहा-पंधरा वर्षे लागू शकतात आणि चढाई सुरू करणारे तोवर कोठे तरी नोकरीला लागून टक्कल पडलेले असतात. मला तरी या खेळातील सर्वांत न्याय्य आणि सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

चारही दिवस धडक देणाऱ्या नौकेला ‘ब्लेड्स’ मिळतात; प्रत्येकाला स्वतःचे वल्हे रंगवून, त्यावर नावे लिहून ठेवण्याचा मान. चारही दिवस धडक खाणाऱ्यांच्या वाट्याला ‘चमचा’ येतो. या चमच्याची कथा मराठी वाचकाने जरूर ऐकावी. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत. सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच परीक्षेत उत्तीर्णांच्या यादीत तळाला राहणाऱ्याला त्याचे मित्र भलामोठा लाकडी चमचा देत. १९०९ नंतर गुणानुक्रमे यादी लावणे बंद झाले. त्या वर्षीचा शेवटचा चमचाही सेंट जॉन्सच्याच विद्यार्थ्याला मिळाला. तो कॉलेजच्या ‘लेडी मार्गारेट’ क्लबचा रोइंगपटू होता आणि त्याचा चमचा वल्ह्यापासून बनवलेला होता.

स्त्रियांना या नदीवर यायला फार उशीर झाला. मे बम्प्समध्ये त्यांच्या शर्यती १९७४ मध्ये सुरू झाल्या. प्रथम त्या चार जणींच्या नौकांतून होत. १९९० पासून आठ जणींच्या. आज स्त्रियांचे स्वतंत्र विभाग आहेत आणि काठावरची गर्दी त्यांच्यासाठीही तेवढीच असते.

पुणेकरांना नौकाशर्यती नव्या नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ चा. मुळेच्या पात्रात मार्चमध्ये होणारी त्यांची ‘रेगाटा’ आणि अंधार पडल्यावर पेटणाऱ्या मशाली पाहायला शहर लोटते. तेथेही सारा कारभार विद्यार्थीच पाहतात. मुळा-मुठेतील सांडपाणी आणि जलपर्णी हा मात्र कॅमवरच्या कप्तानाला ठाऊक नसलेला प्रतिस्पर्धी. भारताचे आंतरराष्ट्रीय रोइंगपटू मुख्यतः सैन्यदलांतून येतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आलेला चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावरच वल्हवायला शिकला. कॉलेजाच्या वयात हजारभर मुलामुलींच्या हाती वल्हे देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही, आणि ती उभी करायची तर आधी उतरता येईल असे पाणी लागेल.

केंब्रिजमध्ये एप्रिलनंतरचे सत्र परीक्षांचे. पहाटे नदी, दिवसभर ग्रंथालय, असे सहा-सात आठवडे काढून जूनच्या मध्याला मे बम्प्स येतात. ऊन असते, काठावर गवतात चादरी पसरून लोक बसतात, धडक देणारे संघ झाडांची हिरवी पाने डोक्यात खोवून परततात. अग्रस्थान मिळवणाऱ्या कॉलेजात एखादी जुनी लाकडी नौका जाळण्याचीही प्रथा आहे. शनिवारी संध्याकाळी अंतिम क्रमवारी लागते. अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी त्या रात्रीच्या जेवणानंतर क्लबच्या किल्ल्या पुढच्या कप्तानाच्या हाती देतात आणि बोटहाऊसमध्ये ऑक्टोबरात येणाऱ्यांसाठी नौका पालथ्या घालून ठेवल्या जातात.