ट्वीटरला कितीपासून पुढचा आवाज द्यावा?

गेल्या लग्नसराईत रोह्याचे एक कारागीर चार जळके ट्वीटर पिशवीत घालून आमच्याकडे आले. दुकान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे, जोडीला स्पीकरच्या पेट्या तयार करून विकण्याचा धंदा. पेणच्या एका गिऱ्हाइकाने लग्नासाठी चार पेट्या नेल्या आणि रात्र संपण्याआधी चारही ट्वीटर बंद पडले. गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले, आणि पुढच्या हंगामासाठी तोंडी ठरलेली दुसरी ऑर्डरही गेली. कारागीर बंधूंचे म्हणणे एकच: "माल खराब निघाला."

पेटी उघडली. आठ इंची वूफर, आठ ओहमचा ट्वीटर आणि त्याच्या वायरीत दहा मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर. पूर्वी ते ४.७ लावत असत. दहा लावल्यावर दुकानात आवाज अधिक भरलेला वाटला म्हणून त्यांनी तोच कायम केला. दुकानात हळू आवाजात वाजवताना तो चांगला वाटलाही असेल. मालात खोट नव्हती, खोट हिशेबात होती.

हा हिशेब सोपा आहे. १,५९,००० या आकड्याला ट्वीटरचे ओहम आणि कंडेन्सरचे मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागावे. येईल तो आकडा हर्ट्झमध्ये, म्हणजे ज्या ठिकाणापासून पुढचा आवाज ट्वीटरकडे जातो ते ठिकाण. यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. आठ ओहमला ४.७ लावला तर सुमारे ४,२०० हर्ट्झ, ३.३ लावला तर ६,०००, आणि दहा लावला तर जेमतेम २,०००. ट्वीटर चार ओहमचा असेल तर त्याच कंडेन्सरने हे आकडे दुप्पट होतात. त्यामुळे "आम्ही सगळ्यांना ४.७ लावतो" या बोलण्याला अर्थ उरत नाही. ओहम न पाहता कंडेन्सर लावणे म्हणजे माप न घेता शेरवानी शिवणे.

शिवाय एकटा कंडेन्सर ही भिंत नव्हे, उतार आहे. खालचा आवाज तो एकदम तोडत नाही. वारंवारता निम्मी झाली की फक्त ६ डेसिबलने कमी करतो. दोन हजारांवर कट घेतला तरी एक हजाराचा आवाज ट्वीटरमध्ये बराच शिरतो. आणि तेवढाच आवाज काढायचा असेल तर वारंवारता निम्मी झाल्यावर ट्वीटरच्या पडद्याला चौपट हलावे लागते. एवढासा पडदा, केसासारखी बारीक कॉइल. लग्नाच्या मांडवात रात्रभर हे कसे टिकावे? त्यात अॅम्प्लिफायर लहान आणि आवाज पूर्ण वाढवलेला असेल तर फाटलेल्या आवाजातून वरच्या वारंवारतेचा जादा भार पुन्हा ट्वीटरवरच येतो. लहान अॅम्प्लिफायरने ट्वीटर जळत नाही, ही समजूत कारागिरांनी सोडून द्यावी.

मग कट कुठे घ्यावा? त्याला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहेत.

खालची मर्यादा ट्वीटर ठरवतो. प्रत्येक ट्वीटरची एक स्वतःची वारंवारता असते. तिथे तो आपोआप जास्त थरथरतो आणि त्याचे ओहमही तिथे एकदम चढतात, त्यामुळे कंडेन्सरची पकड नेमकी तिथेच ढिली पडते. चांगल्या कंपनीच्या कागदावर हा आकडा 'एफ-एस' म्हणून छापलेला असतो. एक इंची डोम ट्वीटरला तो बहुधा हजार ते दीड हजारांच्या आसपास सापडतो. एकटा कंडेन्सर असेल तर कट या आकड्याच्या निदान तिप्पट-चौपट वर ठेवावा. कंडेन्सर आणि कॉइल अशी दुहेरी गाळणी असेल तर दुप्पट पुरतो. कागद नसलेल्या स्वस्त मालाला आम्ही चार हजारांच्या खाली कट देणार नाही.

वरची मर्यादा वूफर ठरवतो, आणि आपले कारागीर विसरतात ती हीच. आवाजाची लांबी वूफरच्या पडद्याएवढी झाली की आवाज खोलीभर पसरण्याऐवजी टॉर्चच्या झोताप्रमाणे सरळ पुढे जाऊ लागतो. समोर बसणाऱ्याला नीट ऐकू येते, बाजूच्याला मंद. साडेसहा इंची वूफरचे हे साधारण २,६०० हर्ट्झला सुरू होते, आठ इंचीचे २,१०० ला, दहा इंचीचे १,६०० ला आणि बारा इंचीचे १,३०० ला. याच्या थोडे वर गेले तरी चालते. फार वर गेले की आवाजात मधे खड्डा पडतो, आणि तो पडतो नेमका दोन ते पाच हजारांत, जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. बयान असो, गाणे असो, शब्द कळतो तो 'स', 'श', 'च', 'त' अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराच भाग याच पट्ट्यात व त्याच्या वर आहे. "आवाज मोठा आहे पण बोललेले कळत नाही" ही तक्रार बहुतेक इथलीच असते.

बारा इंची वूफरवर स्वस्त पिझो ट्वीटर बसवून मांडवाची पेटी करणाऱ्यांनी हे पाहावे. १,३०० पासून ट्वीटर नीट वाजू लागेपर्यंतचा भाग कोणाच्याच ताब्यात नसतो. मोठ्या पेटीत भोंग्याचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर असतो तो दिखाव्यासाठी नव्हे. (वरचा भागाकाराचा हिशेब पिझोला लागू होत नाही. तो स्वतःच कंडेन्सरसारखा वागतो.)

रोह्याच्या बंधूंसाठी आम्ही असा हिशेब बसवला. आठ इंची वूफर तोच ठेवायचा होता. नवा ट्वीटर १,२०० एफ-एसचा निवडला, म्हणजे दुहेरी गाळणीने खालची मर्यादा २,४००. वूफर २,१०० पासून झोत टाकू लागतो, पण अडीच हजारांपर्यंत निभावतो. म्हणून कट २,५०० वर. गाळणीसाठी लिंकविट्झ आणि रायली या दोघांच्या नावाची १९७६ पासूनची पद्धत वापरली. तिच्यात कंडेन्सरसाठी ७९,६०० ला ओहम आणि हर्ट्झच्या गुणाकाराने भागायचे: ३.९८ आले, बाजारात ३.९ मिळतो. कॉइलसाठी ३१८ ला ओहमने गुणून हर्ट्झने भागायचे: १ मिलिहेन्री. ट्वीटरच्या वायरीत कंडेन्सर आणि ट्वीटरच्या दोन टोकांवर कॉइल. वूफरला उलट, वायरीत कॉइल आणि टोकांवर कंडेन्सर. माप दोन्हीकडे तेच. साडेसहा इंची वूफर घेतला असता तर कट तीन हजारांवर नेता आला असता, ३.३ आणि ०.८५ मिलिहेन्रीने.

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. कंडेन्सर पॉलिस्टरचा किंवा नॉन-पोलर घ्यावा. अडचणीत दोन साधे दहा मायक्रोफॅरडचे उणे टोकाला उणे जोडले तर पाचचा एक होतो, पण तो कायमचा इलाज नव्हे. वूफरची कॉइल शक्यतो हवेची, म्हणजे आत लोखंड नसलेली असावी.

आणखी एक चूक वारंवार दिसते. ट्वीटर जास्त किणकिणतो म्हणून त्याच्या वायरीत चार ओहमचा रेझिस्टर घालतात. आवाज कमी होतो खरा, पण कंडेन्सरला आता आठ नव्हे, बारा ओहम दिसतात. ४.७ चा कट ४,२०० वरून २,८०० वर घसरतो. रेझिस्टर घालायचाच तर कंडेन्सर ३.३ करावा, म्हणजे कट पुन्हा चार हजारांच्या जागी येतो.

या दुहेरी गाळणीत ट्वीटरच्या वायरी उलट्या, म्हणजे अधिक टोक उण्याला जोडाव्या लागतात. रोह्याच्या बंधूंना ही चूक वाटली. आम्ही एका पेटीवर माणसाचे साधे बोलणे लावले, सहा फुटांवर त्यांना ट्वीटरच्या उंचीला बसवले आणि न सांगता वायरी दोनदा बदलल्या. सरळ जोडल्या तेव्हा बोलणारा पडद्याआडून बोलत असल्यासारखा वाटला, उलट्या जोडल्या तेव्हा समोर आला. त्यांनी दोन्ही वेळा बरोबर ओळखले आणि उरलेल्या तीन पेट्या स्वतःच जोडल्या.