मेलानोमाचा माग काढणारी प्रथिनं

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. त्वचेच्या इतर कॅन्सरपेक्षा तो कमी आढळतो, पण पसरतो झपाट्यानं. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यातला मेलानोमा मेंदूपर्यंत पोचला आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले.

हा फैलाव रक्तातून ओळखता येतो का? काही अंशी. रंगपेशींमध्ये ‘एस-१००-बी’ नावाचं प्रथिन असतं. गाठीतल्या पेशी मरून फुटल्या की ते रक्तात उतरतं. गाठी जितक्या जास्त, तितकं त्याचं प्रमाण साधारणपणे वाढतं. दुसरी खूण ‘एलडीएच’ या एन्झाइमची. कमी ऑक्सिजनमध्ये साखरेवर तगणाऱ्या पेशींना ते लागतं. दूरवर पसरलेल्या मेलानोमात एलडीएच वाढलेलं असेल, तर आजार अधिक बिकट मानतात. म्हणूनच चौथ्या टप्प्याच्या वर्गवारीत त्याची नोंद होते.

मात्र दोन्ही खुणा फसव्या ठरू शकतात. यकृताच्या आजारात किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्यानंही एलडीएच वाढतं. डोक्याला मार लागल्यावर एस-१००-बी वाढतं. सुरुवातीचा छोटा फैलाव तर दोन्हींतून निसटू शकतो. त्यामुळे निदान बायप्सीवरच होतं, आणि गाठीची मिलिमीटरमधली जाडी व जवळच्या लसिकाग्रंथींची तपासणी महत्त्वाची ठरते.

सावळ्या त्वचेत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथला काळा डाग वाढत असेल किंवा रंग बदलत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.