धुराड्यामागची दोन इंच पोकळी

अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. अशा घरात विटांच्या धुराड्याशेजारी खोलीची भिंत उभारायची, तर तिथली बांधकाम-नियमावली धुराडं आणि लाकूड यांच्यात २ इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर, मोकळी जागा मागते. वीट हाताला जेमतेम कोमट लागते, मग जागा का वाया घालवायची, ही शंका रास्तच. पण ताज्या लाकडाला पेटायला साधारण २५० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागत असलं, तरी वर्षानुवर्षं शेक बसलेलं लाकूड आतून कोळपतं आणि पुढे बऱ्याच कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. तेव्हा ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा दिलासा फसवा आहे. त्यात धुराड्यात साचलेलं क्रिओसोट, म्हणजे धुरातून जमणारा डांबरासारखा थर, पेटलं, तर आत तापमान १००० अंशांपुढे जाऊ शकतं.

मग पोकळीत न जळणारी रॉकवूल ठासली तर? ती जळणार नाही, पण उष्णता निघून जायची वाट अडवेल; नियमावलीही पोकळी भरू देत नाही. अपवाद मजल्यांच्या पातळीचा: तिथे ती पत्र्याने बंद करावीच लागते, नाहीतर आगीला वर चढायला आयता जिना मिळतो. जागा फारच तोकडी असेल, तर पोलादी सांगाडा आणि सिमेंटचा तक्ता बरा. तिथे जिप्सम बोर्ड नको, कारण त्याचा गाभा जळत नसला, तरी त्यावरचा कागद जळतो.